दाखल क्रमांक अठराशे चार

मेलेली माणसं स्वप्नात येतात ती काहीतरी मोठं सांगायला येतात. जिवंतपणी ओठांवर येऊन राहिलेलं ते शेवटी झोपेच्या दारातून आपल्यापर्यंत पोचवतात, असं आपल्याकडे मानतात. बिडवेबाई माझ्या स्वप्नात येतात त्या पुस्तक परत मागायला.

रविवार आहे. दुपारचे अडीच. वांग्याचं भरीत आणि दोन भाकरी पोटात गेल्यात, त्यावर ताक. मी कॉटवर आडवा झालोय. पंखा फिरतोय, म्हणजे इकडची गरम हवा तिकडे नेऊन ठेवतोय. पोटावर आमच्या वाचनालयाच्या सभेची विषयपत्रिका आहे. सभा पाचला. विषय क्रमांक चार असा: तीन हजार एकशे जीर्ण पुस्तके बाद करून रद्दीत काढणे व त्या जागी बारा टॅबलेट बसवून 'सहभागी वाचन कक्ष' सुरू करणे.

मी कार्यकारिणीचा सभासद आहे. वाचनालयाच्या घटनेत एक साहित्यिक प्रतिनिधी लागतो आणि आमच्या तालुक्याच्या गावात विनोदी लिहिणारा का होईना, पण मी एकटाच आहे. बाकीचे सात जण निर्णय घेतात, मी हात वर करतो. आजही करणार आहे. अध्यक्ष आहेत डॉक्टर टाकळकर, गावातले एकमेव बरे दंतवैद्य, आणि माझी उजवीकडची दाढ गेल्या मंगळवारपासून त्यांनी अर्धी कोरून, कापूस भरून ठेवली आहे. अशा अवस्थेत माणसाची वैचारिक भूमिका लवचीक असते.

टॅबलेटवरच्या पुस्तकांचं प्रात्यक्षिक मागच्या सभेत झालं. कंपनीचे गृहस्थ आले होते, गळ्यात ओळखपत्र घालून, म्हणजे आम्ही त्यांना विसरू नये म्हणून. ते म्हणाले, वाचक आता नुसता वाचत नाही, तो सहभागी होतो. मग त्यांनी दाखवलं. नायिका रडायला लागली की तिचा अश्रू आपण बोटाने पुसायचा. पुसला की दहा गुण. पान उलटलं की पान उलटल्याचा आवाज येतो. तो बंद करता येत नाही. सलग तीन पानं वाचली तर अभिनंदनाचे फुगे उडतात. मी चौथ्या पानावर थोडा थांबलो, तर खाली अक्षरं उमटली: तुमच्यासारखे तेवीस वाचक इथेच थांबले. मला त्या तेवीस जणांना भेटावंसं वाटलं.

आणि शेवट आपण निवडायचा. नमुना म्हणून त्यांनी जुनी कादंबरी उघडली, 'मंजुळेचा संसार'. नवऱ्याच्या घरातून निघालेली मंजुळा एसटी स्टँडवर बसली आहे, गाडी लागली आहे, आणि खाली चार रंगीत चौकोन. अ: मंजुळा परत जाते. ब: मंजुळा गाडीत चढते. क: मंजुळा आणि कंडक्टर. ड: जाहिरात पाहून खास शेवट उघडा. टाकळकरांनी क दाबला. सभेत आनंदाचं वातावरण होतं.

तीच कादंबरी, वाचनालयाची प्रत, दाखल क्रमांक अठराशे चार, नोंदवहीत गहाळ, सात वर्षांपासून माझ्या कपाटात आहे हे सांगायची ती वेळ नव्हती.

आत्ता ती माझ्या हातात आहे. तिची गोष्ट थोडक्यात अशी. पस्तीसेक वर्षांपूर्वी ती बांधणीला गेली. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी बनतात, त्या घडीला फर्मा म्हणतात. आमच्या बांधणीवाल्याने शेवटचा फर्मा दुसऱ्याच पुस्तकाचा शिवला. त्यामुळे एकशे ब्याण्णवाव्या पानावर 'आणि तिने मागे वळून' एवढं येई, आणि पुढच्या पानावर दुभत्या म्हशीची लक्षणं सुरू होत. पुस्तक आठ महिने तसंच फिरलं. तक्रार एकच आली, ती म्हशीचा भाग त्रोटक असल्याची.

मूळ फर्मा काही सापडला नाही. नियमाने ते पुस्तक बाद व्हायचं. पण ग्रंथपाल बिडवेबाईंनी म्हैस उसवून काढली आणि कुणाला न सांगता सोळा पानं स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने लिहून तिथे शिवली. अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं होतं, वाचनालयाच्या प्रत्येक कार्डावर तेच असायचं. बाईंच्या शेवटाची सुरुवात अशी: 'आणि तिने मागे वळून पाहिलं, कारण पिशवी बाकावरच राहिली होती.' मग मंजुळा चहा पिते. त्या चहावर दीड पान आहे, कारण लग्नानंतर तिने कुणाला न विचारता प्यायलेला तो पहिला चहा आहे. आणि अगदी शेवटी: 'पिशवी घेतली आणि ती गाडीत चढली.'

एकोणिसाव्या वर्षी मी ते वाचलं. रडत वाचत होतो आणि त्या पिशवीपाशी हसू फुटलं. मग लक्षात आलं की रडणं थांबलेलं नाही. तेव्हापासून मी जे काही लिहितो ते त्या पिशवीच्या मागे मागे चाललंय. अजून पिशवी हाताला लागलेली नाही.

"पुस्तकं वाचायची असतात, पांघरायची नसतात," बायको दारातून म्हणते आणि जाते. कारण पुस्तक एव्हाना माझ्या तोंडावर आलंय. शेवटचं पान गालाला लागलंय. जुन्या कागदाचा, डांबरगोळीचा वास. डोळ्यांपुढे अंधार नाही, तपकिरी उजेड आहे, चहाच्या फडक्यातून ऊन यावं तसा. पंख्याचा आवाज लांब जातो, मग आणखी लांब.

"दोनशे बारा."

हा माझा वर्गणीदार क्रमांक आहे. बाई कुणालाच नावाने हाक मारत नसत. नगराध्यक्ष चौदा होते. त्यांच्या बायकोचं खातं वेगळं होतं म्हणून त्या तीनशे नऊ, आणि नवरा-बायको एकत्र आले तर बाई दोन्ही आकडे वेगवेगळे उच्चारत.

कॉटच्या पायथ्याशी वाचनालयाचं काउंटर आहे. ते तिथे कसं मावलं हा प्रश्न मला पडत नाही. पलीकडे बाई बसल्यात. दोरीचा चष्मा, उजव्या बोटाला पानं मोजायचं रबरी टोपण. वारल्याचं काही चेहऱ्यावर नाही. उलट जरा टवटवीत दिसतात, जत्रेच्या सुट्टीनंतर दिसायच्या तशा.

"अठराशे चार," त्या म्हणतात. "सात वर्षं झाली."

"परत करणारच होतो, बाई."

"सगळे करणारच असतात."

त्या कार्डांचा खण ओढतात. खण संपतच नाही. तो खोलीभर येतो, दारातून बाहेर जातो, आणि मी त्याच्या कडेकडेने चालत बघतो तर एसटी स्टँडच्या फलाटावर उभा आहे. दुपारच आहे. तीन नंबरला गाडी लागली आहे. बाकावर मंजुळा बसली आहे. तिच्या कडा निळ्या-काळ्या आहेत, ओल्या, नुकत्याच लिहिल्यासारख्या. शेजारी पिशवी.

बाकाच्या वर गाड्यांच्या वेळा असतात तो फलक आहे. त्याच्यावर गावांची नावं नाहीत. वर लिहिलंय, पुढे काय व्हावं? खाली अ, ब, क, ड.

"हे काय?" बाई विचारतात. त्या माझ्या शेजारी उभ्या आहेत, हातात शिक्का.

मी सांगतो. गृहस्थांनी सांगितलं तसंच सांगतो, सहभागी वगैरे शब्दांसकट. फुग्यांचं सांगतो. बाई पूर्ण ऐकून घेतात. त्यांची ती सवय होती, आणि समोरच्याला ती फार महाग पडायची.

"म्हणजे हे विचारतंय कुणाला?"

"वाचकाला."

"वाचकाला काय माहीत?"

मी म्हणतो, माहीत असायची गरज नसते, फक्त दाबायचं असतं. आणि आवडलं नाही तर मागे जाऊन दुसरं दाबायचं. बाई मंजुळेकडे बघतात. मंजुळा अर्धवट वळलेल्या मानेने थांबली आहे, कुणीतरी काहीतरी दाबेल म्हणून. तिची मान अवघडली असावी.

"आणि हिला कुणी विचारत नाही," बाई म्हणतात.

फलाटाच्या फरशीवर फिनेलचा वास यायला लागतो. बाक लांब होतो, त्याच्यावर पांढरी चादर येते. सरकारी दवाखान्याचा वॉर्ड आहे, पण खाटांच्या मधे पुस्तकांची कपाटं आहेत, आणि सलाईनची बाटली 'चरित्रे व आत्मचरित्रे' लिहिलेल्या पाटीला अडकवली आहे. बाई खाटेवर आहेत. रबरी टोपण बोटाला आहेच.

"मी निरोप धाडला होता."

धाडला होता. बाईंची मानलेली भाची घरी येऊन सांगून गेली होती की मावशी म्हणते, दोनशे बाराला सांग अठराशे चार घेऊन ये, शेवट बदलायचाय. मी त्याच दिवशी वाचनालयातून पुस्तक काढलं. दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो. शहाळंही घेतलं होतं. फाटकाशी दहा मिनिटं उभा राहिलो, शहाळं स्वतःच प्यायलो आणि पुस्तक घेऊन घरी आलो. चौथ्या दिवशी बाई गेल्या. अंत्ययात्रेला मी होतो; वाचनालयातर्फे चार शब्दही बोललो. लोकांना ते आवडले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही, आणि आता स्वप्नात सांगतोय तर बाई नुसती मान हलवतात, उशीर झालेल्या पुस्तकाची कारणं ऐकताना हलवायच्या तशी.

वॉर्डाच्या भिंतीवर फलक उगवलाय. अ: दोनशे बारा आत जातो. ब: दोनशे बारा घरी जातो.

मी अ दाबतो. काही होत नाही. बोट पुसून पुन्हा दाबतो. मग जोरात. मग तळहाताने.

"काच नाही ती," बाई म्हणतात. "भिंत आहे."

मी हात खाली घेतो. हाताला चुना लागलाय.

"बरं, आण आता," त्या म्हणतात आणि हात पुढे करतात. "पेन पण दे. शेवटची दोनच पानं. मंजुळा परत जाते."

मला वाटतं मी चुकीचं ऐकलं. पण त्या शांतपणे सांगतात, नियम सांगायच्या तशा. म्हणतात, मी लिहिलं तेव्हा तेहतीस वर्षांची होते, मला काय ठाऊक होतं? गाडीत चढल्यावर पुढे काय होतं ते मी पाहिलं. गाडी पोचते. खोली मिळते. नोकरी मिळते. चहाही आपल्या मनाने पिता येतो, अगदी रोज. आणि मग एक दिवस दवाखान्यात कागदावर सही करायला घरचं माणूस लागतं, आणि नर्स तीनदा विचारते, घरचं कोण? मूळ लेखकाने तिला परतच पाठवलं होतं, हे त्यांना नंतर दुसऱ्या गावच्या प्रतीत वाचायला मिळालं होतं. नवऱ्याच्या पायावर पडते म्हणे. तेव्हा त्यांना राग आला होता. खाटेवर पडल्यावर वाटलं, त्या माणसाला काहीतरी ठाऊक असेल.

मी पुस्तक छातीशी धरतो. एवढ्या वयाच्या माणसाने दवाखान्यात असं उभं राहणं बरं दिसत नाही.

"नाही देणार, बाई."

"मी लिहिलंय ते."

"मी वाचलंय."

वॉर्डात कुठेतरी पान उलटल्याचा आवाज होतो. खरा, कागदाचा.

"अरे, मीही तेच केलं ना," बाई म्हणतात. "दुसऱ्याच्या मंजुळेला गाडीत बसवलं. त्याला विचारलं का मी? मग आता मीच बदलते तर तुझं काय जातं? तुझ्या त्या काचेवर तर चार-चार आहेत."

जागेपणी मी इथे मान डोलावली असती. पण स्वप्नात जिभेला दाढेचा कापूस लागत नाही, त्यामुळे मी बोलतो. म्हणतो, तुम्ही एकदा बदललंत आणि टाके घातलेत. सबंध गावाला एकच मंजुळा दिलीत. चौदाला ती पटली नाही, तो काउंटरवर येऊन तुमच्याशी भांडला की बाईमाणसाला असं शिकवू नका. तीनशे नऊने तेच पुस्तक तीनदा नेलं आणि काही बोलली नाही. आमच्या कॉलेजात त्या पिशवीवरून दोन मित्रांची बोलाचाल बंद झाली. त्या काचेत ज्याला जी हवी ती मंजुळा मिळते, बाई. मग भांडायचं कुणाशी? आणि तुम्हाला एकटं वाटलं म्हणून तिला खाली उतरवायचं असेल तर ती आता तुमची राहिलेली नाही. ती तेहतीस-चौतीस वर्षं त्या गाडीत आहे. आमच्यापैकी कितीतरी जण तिच्या मागच्या सीटवर बसलेत.

शेवटचं वाक्य जरा जास्त झालं हे मला स्वप्नातही कळतं. बाईंनाही कळतं. त्या चष्म्यावरून बघतात.

"आलास का नाहीस मग? फाटकातून हे ओरडून सांगायचंस. भांडायला तरी माणूस आलं असतं."

याला अ-ब-क-ड काही नाही.

बाई बोटावरचं रबरी टोपण काढतात. मी ते कधी काढलेलं पाहिलं नव्हतं. खालचं बोट पांढरं, सुरकुतलेलं, धुणं धुतल्यासारखं आहे.

"मला नाही म्हणालास," त्या म्हणतात.

"हो."

"मेलेल्या बाईला नाही म्हणता येतं. मग त्या दातवाल्याला का येत नाही?"

"त्यांच्याकडे माझी दाढ अर्धी उघडी आहे, बाई."

बाई हसतात. मी त्यांना वीस-पंचवीस वर्षांत दोनदा हसताना पाहिलं असेल, हे तिसरं. त्यांच्या हसण्याने कपाटांच्या काचा हलतात, फिनेलचा वास जातो आणि आम्ही पुन्हा फलाटावर असतो. फलक आहे, पण त्याच्यावर आता नुसती गावांची नावं. गाडीचं इंजिन सुरू झालंय. कंडक्टर कुणाच्याही प्रेमात दिसत नाही; तो सुपारी कातरतोय. मंजुळा मागे वळून पाहते, पिशवी दिसते, उठते.

"मग हे परत करू का?" मी विचारतो. अठराशे चार माझ्या हातात घामाने ओलं झालंय.

बाई इकडेतिकडे बघतात. आयुष्यभर त्यांनी पुस्तक परत करा एवढंच सांगितलं. पावसात, कर्फ्यूत, माझ्या लग्नाच्या मांडवातसुद्धा येऊन सांगितलं. आता त्या आवाज खाली आणतात.

"करू नकोस. गहाळ राहू दे."

"बाई, माझं नाव ठाऊक आहे का तुम्हाला?"

"कार्डावर होतं," त्या म्हणतात. मग पुस्तक माझ्या हातातून घेऊन शेवटच्या पानावर उघडतात, माझ्या तोंडावर पालथं ठेवतात आणि वरून तळहाताने दाबतात, शाई टिपून घ्यावी तसं. "हलू नकोस. गाडी सुटू दे."

गाडी सुटते. आवाज जवळ येतो, आणखी जवळ, आणि पंखा होतो.

"साडेचार वाजलेत," बायको म्हणते. "सभा आहे ना? आणि गालाला काय लावून घेतलंय?"

मी उठतो. उशी ओली आहे. आरशासमोर जातो. उजव्या गालावर, बरोब्बर दाढेच्या वर, निळसर अक्षरं उमटली आहेत. पुस्तकातली शाई घामाने सुटून उलटी लागली आहे. आरशात ती सुलटी दिसतात. 'पिशवी घेतली' तेवढं फिसकटलंय. 'ती गाडीत चढली' स्वच्छ वाचता येतं, बाईंच्या गोल अक्षरात.

पुस्तक बघतो. पानावरची ओळ फिकी झाली आहे, पण आहे. पेन घेऊन गिरवावी असं मनात येतं. पेनचं टोपण काढतो आणि पुन्हा लावतो. आज गिरवली तर उद्या सुधारावीशी वाटेल. पुस्तक कपाटात, कपड्यांच्या मागे, होतं तिथे ठेवतो. बायको म्हणते तोंड धुऊन जा. मी न धुता निघतो.

विषय क्रमांक चारवर मी विरोधात हात वर करतो. आधी कुणाच्या लक्षातच येत नाही. मी नेहमीसारखा हात वर केलाय असं समजून सचिव अनुकूल म्हणून लिहून घेतात. मला उभं राहून सांगावं लागतं की हा हात विरोधातला आहे. टाकळकर कारण विचारतात. मी म्हणतो, पुस्तकाने मला काही विचारू नये, अशी माझी अपेक्षा आहे. ते माझ्या गालाकडे बघतात, मग गालाच्या आतल्या दाढेची आठवण झाल्यासारखे बघतात आणि हे काय लागलंय विचारतात. शाई, मी म्हणतो. ठराव सात विरुद्ध एक असा मंजूर होतो. तीन हजार एकशे पुस्तकांची यादी सहीसाठी फिरते. माझ्यापाशी आल्यावर मी ती वरपासून खालपर्यंत वाचतो आणि सही न करता पुढे सरकवतो. अठराशे तीन आहे, अठराशे पाच आहे.

गहाळ पुस्तक बाद करता येत नाही, असा वाचनालयाचा चौदावा नियम आहे.